वाचकांचे प्रश्न : नाना मध्येच उठून गेले तो सिनेमा

मागच्या अंकात कष्टकऱ्यांच्या जगण्यावरच्या सिनेमांबद्दल लिहिलं, दोन-तीन सिनेमे सुचवले आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातली चार पत्रं घेतेय. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी इंदूरची, परदेशीपुऱ्यात वाढलेली. वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागावर होते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. मी स्वतः 36 वर्षं इथल्या एका फिल्म वितरकाच्या ऑफिसात होते. गावोगावच्या टॉकीजना प्रिंटच्या पेट्या रवाना करायच्या, आणि डीसीआर, म्हणजे टॉकीजकडून येणारे रोजच्या गल्ल्याचे कागद, आले की कुठल्या शोला किती तिकिटं फाटली ते रजिस्टरात उतरवायचं. सिनेमातलं मला जे काही कळतं ते त्या साचेखात्यातून आणि या रजिस्टरातून आलेलं आहे.

ताई, माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. बीकॉम झाला, नोकरी लागली नाही, दोन वर्षांपासून मोटारसायकलवर खाण्याची पार्सलं पोचवतो. तुम्ही लिहिलेला ‘सॉरी वी मिस्ड यू’ मी त्याला मुद्दाम लावून दिला. वाटलं, आपल्यासारखंच कोणाचं तरी आहे हे बघून त्याला बरं वाटेल. अर्ध्यावर त्यानं बंद केला. म्हणाला, “आई, दिवसभर हेच करून राहिलोय, आता रात्री पण हेच बघू?” दोन दिवस नीट बोलला नाही. माझं काही चुकलं का?
— एक आई, सुदामा नगर

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ‘नीट बोलला नाही’पाशी दरवेळी थांबले.

ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांना थोडक्यात सांगते. केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाचा हा 2019चा सिनेमा. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात राहणारा रिकी हातात पडेल ते काम करून थकलेला आहे. कर्ज आहे, घर भाड्याचं आहे. तो पार्सलं पोचवायच्या कामाला लागतो. तिथला माणूस त्याला सांगतो की तू आमचा नोकर नाहीस, तू तुझा मालक. मालक व्हायचं तर व्हॅन लागते, म्हणून बायकोची गाडी विकावी लागते. बायको ॲबी म्हाताऱ्या-आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करते. गाडी गेल्यावर ती बसनं हिंडते, आणि दोन घरांमधल्या प्रवासाच्या वेळेचे पैसे तिला कोणी देत नाही. सिनेमाचं नाव म्हणजे घरात कोणी नसलं की पार्सलवाला दारात टाकून जातो त्या चिठ्ठीवरचं वाक्य: आलो होतो, गाठ पडली नाही. पाऊण सिनेमा झाल्यावर कळतं की ती चिठ्ठी रिकीच्याच घराच्या दाराला लावायला हवी. बाप, आई, थोरला मुलगा, धाकटी मुलगी, चौघं एका घरात राहतात आणि कोणाची कोणाशी गाठ पडत नाही.

आता नानांचं सांगते.

मी नववीत होते. एक सिनेमा लागला होता, मोठा हिरो, आणि तो मिलमजूर झालेला. मिलचा सिनेमा म्हणून नानांनी आईला आणि मला नेलं, इंटरव्हलला शेंगदाणे घ्यायचे हेही आधीच ठरलं होतं. अर्ध्या तासात एक प्रसंग आला. मागे साचे धडधडताहेत आणि हिरो-हिरॉईन त्यांच्या शेजारी उभं राहून हळू आवाजात बोलताहेत. नाना उठले. आईला वाटलं, पाणी प्यायला गेले. ते आलेच नाहीत. सिनेमा सुटल्यावर बाहेर सायकलजवळ उभे होते. म्हणाले, “साचे चालू असताना असं कोणी बोलतं का?”

साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालतात. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. नाना आणि त्यांचे जोडीदार ओठांवरून बोलणं वाचायचे, बाकी सगळं हाताच्या खुणांनी. घरी आले तरी नाना ओरडूनच बोलायचे आणि आई अर्धी उत्तरं खुणेनं द्यायची. आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत हेच. बाहेरच्याला वाटायचं की इथे रोज भांडणं चालतात. आणि धोटा! आडवा धागा घेऊन साच्यात इकडून तिकडे धावतो तो. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, मग तिचा धागा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायला भोकाला तोंड लावून श्वासानं ओढून घ्यायचा. हे दिवसभर. धाग्याबरोबर कापसाची फूस आत जायची. रंगीत सूत असलं तर रंगही जायचा. मी लहानपणी नानांची जीभ बघून सांगायची की आज निळा माल होता की लाल. ते हसायचे. मीही हसायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे मला त्यांच्या छातीचा एक्स-रे पाहिल्यावर कळलं.

ज्या माणसाच्या जिभेवर रोजचा रंग उतरलेला आहे त्याला तुम्ही चालत्या साच्यांजवळ कुजबूज दाखवलीत तर तो उठणारच. ते त्यांचं उठणं मला लगेच कळलं.

दुसऱ्यांदा उठले ते मात्र कळायला फार वर्षं लागली. ‘दो बीघा जमीन’ मॅटिनीला पुन्हा लागला होता. बिमल रॉय यांचा 1953चा सिनेमा. शंभू महातो हा शेतकरी, जमीनदाराचं कर्ज फेडायला कलकत्त्यात जाऊन हातरिक्षा ओढतो. त्यात एक प्रसंग आहे. रिक्षात बसलेला माणूस पुढच्या रिक्षातल्या बाईला गाठायला शंभूला पळायला लावतो. आणखी जोरात, जास्त पैसे देईन. शंभू पळतो, जनावरासारखा पळतो, आणि चाक निखळतं. त्या प्रसंगाला नाना उठले. याही वेळी बाहेर सायकलजवळ उभे होते, पण काही बोलले नाहीत. घरी पोचेपर्यंत एक शब्द नाही. त्या काळी मिलमध्ये एका माणसाला जास्त साचे सांभाळायला सांगत होते, पैसे थोडे वाढवून. ते मला पुढे आईनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दिवसपाळी करून नाना एकटेच टॉकीजला गेले. तिथला डोअरकीपर ओळखीचा होता. पूर्ण बघून आले. रात्री जेवताना आईला त्यांनी गोष्ट सांगितली नाही, हिशेब सांगितला. शंभू समजत होता 65 रुपये देणं आहे, कोर्टात निघाले 235, मुदत तीन महिने. रिक्षाचं भाडं किती, खोलीचं किती, पोरगा बूटपॉलिश करून काय आणतो. आई हातातली भाकरी तशीच धरून ऐकत होती. मग तिनं विचारलं, “तुमचा हिशेब कधी सांगणार?” आणि नानांनी सांगितला. पगार किती कापला जातो, सोसायटीचं कर्ज किती, मुकादमाला काय द्यावं लागतं. लग्नाला 18 वर्षं झाली होती. आईला त्यातलं निम्मंही माहीत नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते, तो सिनेमा तुमच्या मुलासाठी नव्हताच. तुमच्यासाठी होता. त्याला त्यात नवीन काय कळणार? पहिल्याच दिवशी एक सोबती रिकीच्या हातात प्लास्टिकची बाटली देतो. रिकीला वाटतं थट्टा आहे. थट्टा नसते. लघवीला थांबायला वेळ मिळत नाही म्हणून बाटली. तुमच्या मुलानं सिनेमा कुठे बंद केला ते मला माहीत नाही, पण त्या बाटलीच्या आसपास केला असेल तर मला मुळीच नवल वाटणार नाही. विजय नगरच्या बाजूला संध्याकाळी सातनंतर ही मुलं हॉटेलांच्या दारात मोटारसायकलला टेकून उभी असतात. वीस-वीस मिनिटं ऑर्डरची वाट बघतात. आत जाऊन बाथरूम वापरू देत नाहीत, हे एका मुलानं मला स्वतः सांगितलं. मी त्याला पाणी विचारलं तर म्हणाला, “नको आंटी, पाणी प्यायलं की प्रॉब्लेम होतो.”

तुम्ही असं करा. एका दुपारी तो सिनेमा एकट्यानं पूर्ण बघा. मुलगा घरी आल्यावर ‘दमलास का’ असं विचारू नका, ते आपण रोजच विचारतो आणि मुलं ‘नाही’ म्हणतात. नेमकं विचारा. आज किती फेऱ्या झाल्या? पेट्रोल कितीचं भरलं? कोणी पाचव्या मजल्यावर बोलावलं का? रद्द झालेल्या ऑर्डरचं काय करतात? पावसात मोबाइल कुठे ठेवतोस? पहिल्या दिवशी तो चिडेल कदाचित. पण हे प्रश्न विचारणारं घरात कोणीतरी आहे हे त्याला कळू द्या.

सिनेमा त्यानं पुन्हा लावला तर लावला. आग्रह करू नका.

लेखिकाबाईंना नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. तुमची तळमळ समजते, पण एक विचारतो. गरिबांचे हाल दाखवायचे, परदेशात बक्षिसं घ्यायची, आणि ज्याचे हाल दाखवले तो तिथेच. यातून त्या माणसाला काय मिळालं? मला तर हा दुसऱ्याच्या दुःखाचा व्यापार वाटतो.
— एक वाचक, वैशाली नगर

तुमचा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. तो मलाही छळतो.

इटलीतला ‘बायसिकल थीव्ज’ जगभर गाजला. व्हित्तोरिओ दे सिका यांचा 1948चा सिनेमा. महायुद्धानंतरच्या रोममध्ये अंतोनिओला पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, अट एकच, सायकल पाहिजे. ती गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाण टाकून सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. अंतोनिओचं काम केलं लाम्बेर्तो माज्जोरानी या माणसानं, आणि तो नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. पैसे घालायला तयार असलेल्या अमेरिकन निर्मात्याला हॉलिवूडचा केरी ग्रांट हवा होता. दे सिका यांनी ते पैसे नाकारले आणि कामगारच घेतला. मोठी गोष्ट केली. पण सिनेमा झाल्यावर माज्जोरानी कारखान्यात परत गेला, आणि कपातीच्या वेळी त्याचीच नोकरी गेली. हा तर सिनेमावाला, याला काय कमी, असं सगळ्यांना वाटलं. पुढे कामासाठी वणवण करावी लागली. पडद्यावर काम शोधणाऱ्या माणसाला पडद्याबाहेर काम शोधत हिंडावं लागलं. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. तुमच्या प्रश्नाला यापेक्षा वाईट पुरावा सापडणार नाही, म्हणून मीच देतेय.

तरीही मी त्या सिनेमाच्या बाजूनं उभी राहते. का, ते सांगते. त्यात गहाणवटीच्या दुकानातला एक क्षण आहे. कारकून चादरींचं गाठोडं घेतो आणि आत ठेवायला जातो. मागे फळ्याच फळ्या, छतापर्यंत चादरींची गाठोडी रचलेली, आणि तो शिडी चढावी तसा त्यांवरून वर चढत जातो. कोणी रडत नाही. एका शहरातली किती माणसं चादरीशिवाय झोपत असतील ते तुम्ही स्वतःच मोजायला लागता. मिल बंद पडल्यावर आमच्या आईनं तांब्याचा बंब आणि दोन घागरी दिल्या तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत मी डोकावले होते. तिथे भांड्यांचे डोंगर होते, आणि बऱ्याच भांड्यांवर मला ओळखीची नावं दिसली. लग्नात कोरलेली. अमक्याकडून सप्रेम भेट.

दुःखाचा व्यापार करणारा सिनेमा मी रजिस्टरच्या त्या छत्तीस वर्षांत भरपूर पाहिला. त्याला ओळखायला सोपं आहे. त्यात माणूस काम करताना दिसत नाही, फक्त सोसताना दिसतो. त्याचे हात कधीच दाखवत नाहीत, डोळे दाखवतात. पैशाचा आकडा येत नाही. नुसतं ‘गरीब’ म्हटलं की संपलं. उलट बलराज साहनी यांनी ‘दो बीघा’साठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखर रिक्षा ओढली. तिथे भेटलेल्या एका बिहारी रिक्षावाल्याची गोष्ट ऐकली तर ती शंभूचीच गोष्ट निघाली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तुम्ही त्या सिनेमातली त्यांची पावलं बघा. दांडीवर भार टाकून टाचा कशा उचलतात ते बघा. ते रडक्या चेहऱ्यानं साधत नाही.

आणि एक अलीकडचं, आपल्या भाषेतलं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, 2014 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला, मग राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुंबईतल्या एका लोकशाहीरावर खटला चालतो, त्याच्या गाण्यानं एका सफाई कामगाराला गटारात उतरून जीव द्यायला लावलं असा आरोप. त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. वकील विचारतात, ती तुटक उत्तरं देते. नवरा गटारात आधी दगड टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, मग उतरायचा. तिच्या आवाजात एक कणही चढउतार नाही.

झुरळांवरून हवा ओळखायची. ही अक्कल कुठल्या पुस्तकात नाही, आणि ती लागावी इतकी वाईट वेळ माणसावर आपण आणली आहे. इंदूर 2017 पासून सलग कितीतरी वर्षं देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरलं, आपल्याला सगळ्यांना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. ‘कोर्ट’ पाहिल्यानंतर मात्र मी एका रात्री सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाण्याच्या बाजारात, मुद्दाम थांबले. खाणारे घरी गेले, दुकानदारांनी तवे उतरवले, आणि मग झाडूवाल्या बायका आल्या. एकीनं पदर नाकावर घट्ट बांधला, कोपऱ्यातलं तेलकट पाणी खराट्यानं ओढलं आणि उष्ट्या दोन्यांचा ढीग हातानं उचलला. आधी मी त्यांना पाहिलंच नव्हतं असं नाही. त्या काय करतात ते पाहिलं नव्हतं.

त्या विधवेला ‘कोर्ट’मधून काय मिळालं, याचं उत्तर मला देता येत नाही. मला काय मिळालं तेवढं सांगितलं. दुसरं असं की ज्याच्या कामावर सिनेमा उभा राहतो त्याला पुढे वाऱ्यावर सोडू नये, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. माज्जोरानीला सोडायला नको होतं.

मावशी, आम्ही कॉलेजातली पाच-सहा मुलं दर शनिवारी खोलीवर प्रोजेक्टर लावून सिनेमा बघतो. या प्रकारचे सिनेमे कधी पाहिले नाहीत. कुठून सुरुवात करू? कंटाळा येऊ नये असं सांगा.
— एक विद्यार्थी, भंवरकुआँ

‘दो बीघा जमीन’नं कर बाळा. भाषा समजते, गाणी सलील चौधरींची आहेत, आणि मूळ कथाही त्यांचीच. पुढच्या शनिवारी ‘बायसिकल थीव्ज’. बिमल रॉय यांनी तो 1952च्या, भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात पाहिला आणि त्यातून ‘दो बीघा’ची ठिणगी पडली, म्हणून हे दोन लागोपाठ बघायला मजा येते. त्यानंतर केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’, 2016चा. हृदयविकारानं काम बंद झालेला सुतार सरकारी मदतीसाठी फॉर्म भरतो. फॉर्म कॉम्प्युटरवर, आणि याला माउस धरता येत नाही. आपल्याकडे एखाद्या आजोबांबरोबर पेन्शनच्या ऑफिसात गेला असशील तर तुला कंटाळा येणार नाही. एक करा, सिनेमा चालू असताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

ताई, माझे यजमान मिलमध्ये होते, आता 78 वर्षांचे आहेत. मुंबईच्या गिरण्यांवर सिनेमा झाला, आपल्या इंदूरच्या मिलांवर का होत नाही? आमचं कोणी सांगणार आहे की नाही? यजमान म्हणतात, आता कोणाला पडलंय.
— एक वाचक, नंदा नगर

मला पडलंय. आणि यजमानांनाही पडलंय, नाहीतर ते असं म्हणाले नसते.

मुंबईचं खरं आहे. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्या संपानं उद्ध्वस्त केलेल्या एका घराचं नाटक जयंत पवार यांनी लिहिलं, ‘अधांतर’. त्यावरून 2010 साली महेश मांजरेकर यांनी ‘लालबाग परळ’ केला. म्हणजे आधी त्याच मातीतला लेखक उभा राहिला, सिनेमा पुढचा. आपल्याकडे मिलांबद्दल बोललं खूप गेलं, लिहिलं फार थोडं. मराठीत तर आणखी थोडं. आपण इथले मराठी लोक गणपती, नाटक, गाणं यांत कमी पडलो नाही. साचेखात्यात आपली माणसं होती हे मात्र आपल्या स्मरणिकांमध्ये सापडत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोष्टी कमी नाहीत. हुकमचंद मिलचंच घ्या. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांनी आपल्या देण्यासाठी कोर्टात लढा दिला, आणि सुमारे 4,800 कामगारांच्या थकीत देण्यापोटी साधारण 224 कोटींचा धनादेश दिला गेला तो 25 डिसेंबर 2023ला. तीस वर्षांच्या वर! बंद पडली तेव्हा ज्याचं पोर पाळण्यात होतं त्याचं पोर बाप झालं. कितीजण मध्येच गेले आणि त्यांच्या बायका वारसाचे कागद घेऊन उभ्या राहिल्या. माझे नाना दुसऱ्या मिलमधले. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती तेव्हा गेटला कुलूप लागलं. त्यांच्या देण्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही, घराघरातलं एकच आहे.

पण मी सिनेमा लिहिला असता तर कोर्टापासून सुरू केला नसता. अनंत चतुर्दशीपासून केला असता. बाहेरच्या वाचकांना सांगते, त्या रात्री इंदुरात मिलांच्या झाँक्या निघतात. दिव्यांनी उजळलेले, हलत्या पुतळ्यांचे देखावे, एकामागून एक, पुढे आखाडे, आणि सगळं शहर रात्रभर रस्त्यावर. मिला बंद पडल्या, तरी झाँक्या बंद पडल्या नाहीत. ज्यांना पगार नव्हता त्या कामगारांनी वर्गणी मागून, मदत मिळवून त्या चालू ठेवल्या. मी ऑफिसातून परस्पर जायची झाँकी बनायची त्या शेडमध्ये, नानांचा डबा घेऊन. ज्या मिलनं गेट बंद केलं तिच्या नावाची झाँकी करायला नाना महिनाभर रोज जात होते. मी एकदा रागावून विचारलं, कशासाठी? ते पुतळ्याच्या अंगावर कापड बसवत होते. अंधार होता, एकच बल्ब. कोणीतरी सुई पुढे केली, त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, ओलं केलं आणि न बघता, पहिल्या झटक्यात सुईत ओवलं. मग म्हणाले, “काम आहे ना अजून.”

हा प्रसंग कोणाला सिनेमात घ्यायचा असेल तर घ्या, माझी परवानगी आहे.

तुमच्या यजमानांकडे येते. 78 म्हणजे वेळ दवडायला नको. नातवाच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि त्यांना लढ्याबद्दल, पुढाऱ्यांबद्दल आधी विचारू नका, त्यावर सगळेच बोलतात. कुठल्या खात्यात होतात, पाळी सुटायच्या आधी शेवटची दहा मिनिटं काय करायचात, पहिल्या दिवशी कोणी शिकवलं, दम लागला की कुठे टेकायचात, कँटीनमध्ये चहा कितीला होता. खुणा करून दाखवायला सांगा, त्यासाठी व्हिडिओच घ्या. जेवायला चला याची खूण, मुकादम येतोय याची खूण.

आणि माझ्यासाठी एक विचारा. नाना म्हणायचे, साच्यात बिघाड व्हायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, शेकडो साच्यांच्या धडधडीतही त्यांना आपला एक बदललेला ऐकू यायचा. कसा बदलायचा ते त्यांनी मला तोंडानं काढून दाखवलं होतं, दोनदा. माझ्या लक्षात राहिलं नाही. यजमान साच्यावर असतील तर त्यांना तो आवाज काढायला सांगा, आणि रेकॉर्ड करून मला पाठवा.